फॅब्रिकेशनच्या छोट्या वर्कशॉपसाठी एअर ड्रिल (कॉम्प्रेसरच्या हवेवर चालणारं) घ्यावं का, आणि घेताना काय बघावं?

दिवसभर होल मारायचं काम असेल तर बिनधास्त घ्या. इलेक्ट्रिक ड्रिल जाड प्लेटमध्ये अडकलं आणि बटण दाबूनच ठेवलं की वाइंडिंग (मोटरमधली तांब्याची तार) जळतं, एअरवाल्यात वाइंडिंगच नाही, अडकलं तर नुसतं थांबतं, बिट मोकळं केलं की परत चालू. वजनाला हलकं, सलग चालवलं तरी बॉडी गार राहते आणि ओल्या जागी शॉकची भीती नाही, पावसाळ्यात शेड गळते तेव्हा याची किंमत कळते.

पण आधी कॉम्प्रेसर बघा!! साधारण 90 पीएसआय प्रेशर लागतं, ते बहुतेक कॉम्प्रेसर देतात, खरा प्रश्न सीएफएमचा, म्हणजे मिनिटाला हवा किती मिळते. छोट्या टाकीवर दोन-तीन होल झाले की ड्रिल दमतं आणि मग टाकी भरेपर्यंत बसून राहायचं. फक्त अधूनमधून होल मारायचे असतील तर कॉर्डलेस म्हणजे बॅटरीवरचंच घ्या, उगाच खर्च नको.

10 एमएम चकवालं (चक म्हणजे बिट धरणारा भाग) जास्त आरपीएमचं, म्हणजे वेगाने फिरणारं, पातळ पत्र्याला छान. 13 एमएमचं स्लो पण ताकदीचं, मोठ्या होलला तेच, फक्त साइड हँडल असलेलं घ्या नाहीतर मनगट पिरगळतं. एक्झॉस्ट, म्हणजे वापरलेली हवा, हँडलच्या खालून निघणारा बघा, तोंडावर बुरादा उडत नाही.

रोज सकाळी एअर इनलेटमध्ये दोन-तीन थेंब एअर टूल ऑइल, संध्याकाळी टाकीतलं पाणी काढायचं. गॉगल आणि इअरप्लग लावाच, आवाज चांगलाच असतो.