उन्हाळ्यात पीआर का घसरतो?

प्रश्न : आमच्या सौर प्रकल्पाची क्षमता एसी बाजूला (इन्व्हर्टरची, म्हणजे डीसीची एसी वीज करणाऱ्या यंत्रांची) ५० मेगावॉट, डीसी बाजूला (पॅनेलची) ७० मेगावॉट. हिवाळ्यात परफॉर्मन्स रेशो (पीआर), म्हणजे पडलेल्या उन्हातून अपेक्षित विजेपैकी प्रत्यक्ष मिळालेली वीज, ८२ टक्के होता, उन्हाळ्यात ७५ वर आला. ऊन तर वाढलंय. बिघाड कुठे शोधायचा?

उत्तर : सातपैकी साडेचार अंक उष्णतेच्या नावावर टाका. मॉड्यूलवर (पॅनेलवर) छापलेली क्षमता २५ अंश सेल्सिअसची असते. त्यापुढे दर अंशाला सिलिकॉन मॉड्यूल साधारण ०.३५ टक्के शक्ती गमावतं. हिवाळ्यात ते सरासरी ४५ अंशांवर असेल तर घट ७ टक्के, उन्हाळ्यात ६० वर गेलं की १२ टक्क्यांहून जास्त. या हिशेबाने पीआर ७७ च्या आसपास यायला हवा होता. उरलेले दोन-अडीच अंक शोधायचे.

दुपारी इन्व्हर्टरचा आलेख वरून सपाट दिसतो का ते बघा. दिसत असेल तर ते क्लिपिंग, म्हणजे पॅनेलची जादा वीज इन्व्हर्टर आपल्या मर्यादेवर कापतो. डीसी-एसी गुणोत्तर १.४ ठेवताना ते गृहीतच धरलेलं असतं, बिघाड नव्हे.

मग पायरॅनोमीटरची (ऊन मोजणाऱ्या उपकरणाची) काच पुसा. धुळीने तो ऊन कमी मोजतो आणि पीआर उगाच चांगला दिसतो. म्हणजे तुमचा खरा आकडा ७५ पेक्षाही खाली असू शकतो!

आता स्ट्रिंगकडे, म्हणजे एकामागोमाग जोडलेल्या पॅनेलच्या माळांकडे. ऊन स्थिर असताना एकाच कम्बायनर बॉक्समधल्या (अनेक स्ट्रिंग जिथे एकत्र जोडतात त्या पेटीतल्या) स्ट्रिंगचे प्रवाह शेजारी शेजारी मांडा. २४ पैकी एक शून्य असेल तर बहुधा फ्यूज उडालाय, आणि त्या बॉक्सचं चार टक्के उत्पादन गेलं. लोड चालू असताना फ्यूज ओढू नका, १५०० व्होल्ट डीसीचा आर्क (हवेतून पेटलेली विजेची ज्योत) विझत नाही. आधी इन्व्हर्टर थांबवा, मग बॉक्सचा आयसोलेटर (जोडणी तोडणारा स्विच) बंद करा आणि क्लॅम्प मीटरवर प्रवाह शून्य झाल्याची खात्री करून घ्या. सगळ्याच स्ट्रिंग सारख्याच कमी असतील तर धुळीचा संशय घ्या : एक स्ट्रिंग धुवा, शेजारची तशीच ठेवा, फरक मोजा. धुणं पहाटे किंवा सूर्यास्तानंतरच. तापलेल्या काचेवर गार पाणी पडलं की ती तडकू शकते.

प्रश्न : शेजारचा प्रकल्प सीयूएफ (पूर्ण क्षमतेने सतत चालला असता तर मिळाली असती त्या विजेपैकी प्रत्यक्ष मिळालेली) २८ टक्के सांगतो, आमचा २० च. आम्ही इतके मागे?

उत्तर : भागाकार कशाने केलाय ते आधी विचारा. तुमच्याच प्रकल्पात डीसीच्या ७० ने भागून २० टक्के येत असतील, तर त्याच युनिटना एसीच्या ५० ने भागल्यावर बरोबर २८ येतात.