मशीन लावलं, तरी मीटिंगमध्ये कळत नाही

कमी ऐकू येणाऱ्या नोकरदार वाचकांची चार पत्रं या वेळी घेतली आहेत. उत्तरं आमच्या सल्लागार ऑडिओलॉजिस्टची, म्हणजे श्रवणतज्ज्ञांची.

वय 47, बँकेत काउंटरवर काम. सहा महिन्यांपासून दोन्ही कानांना मशीन आहे. घरी छान ऐकू येतं, पण काउंटरवर आणि मीटिंगमध्ये आवाज येतो, शब्द कळत नाहीत. आकडे चुकतात. मशीन बदलू का? (सांगली)

मशीन बदलायची घाई करू नका. स्वर जाड आणि मोठे असतात, स, श, त, ख, फ ही व्यंजनं बारीक आणि हलकी. वयोमानाने किंवा गोंगाटाने गेलेलं ऐकणं बहुतेकदा या बारीक आवाजांपासूनच जातं. शांत खोलीत मशीन ते भरून काढतं. बँकेच्या हॉलमध्ये पंखा, नोटा मोजायचं यंत्र आणि शेजारच्या काउंटरवरची वादावादीही त्यासोबत मोठी होते.

अंतराचा हिशोब सोपा आहे. बोलणारा दुप्पट लांब गेला की आवाज साधारण 6 डेसिबलने उतरतो आणि गोंगाट तेवढाच राहतो. त्यामुळे एक-दीड मीटरच्या आत जे मशीन चोख चालतं, ते लांबलचक टेबलाच्या दुसऱ्या टोकाला निरुपयोगी ठरतं. मीटिंगमध्ये सर्वांत जास्त बोलणाऱ्याच्या समोर बसा, शेजारी नको. पाठ भिंतीकडे, एसीपासून लांब. खिडकी तुमच्या मागे हवी. ती बोलणाऱ्याच्या मागे असली तर त्याचा चेहरा काळवंडतो आणि ओठ दिसत नाहीत.

आकड्यांचं दुखणं मराठीत जास्तच. सात आणि साठ यांतल्या त-ठचा फरक जिभेचा, तो ओठांवर दिसतच नाही. पंचवीस आणि पस्तीस तर चांगल्या कानालाही चकवतात. म्हणून रक्कम नेहमी सुटी करून परत म्हणा: ‘तीन-पाच-शून्य-शून्य ना?’ काउंटरवर काच असेल तर कोरा कागद आणि पेन ग्राहकाच्या बाजूला ठेवा. ‘आकडा लिहून द्या’ याचं कुणाला वाईट वाटत नाही. चुकीची रक्कम दिली की वाटतं.

‘काय? काय?’ म्हणू नका. लोक ओरडतात, आणि ओरडल्यावर शब्द आणखी फाटतात. जे कळलं ते सांगून उरलेलंच विचारा: ‘गुरुवारी हे कळलं, किती वाजता?’ तरीही अडलं तर तेच वाक्य वेगळ्या शब्दांत सांगायला सांगा.

ऑडिओलॉजिस्टकडे जाताना ‘नीट ऐकू येत नाही’ एवढंच सांगू नका. कुठे, कोणाचं, किती अंतरावरून, हे आठवडाभर लिहून न्या. कानात बारीक नळी घालून मशीनचा आवाज पडद्याजवळ प्रत्यक्ष किती पोहोचतो याची मोजणी झाली आहे का, ते विचारा. अनेक ठिकाणी ती होतच नाही, संगणकाच्या अंदाजावर काम भागवतात. समोरचा आवाज पकडणारे माइक असलेला वेगळा प्रोग्राम काउंटरसाठी करून मिळतो. त्यानेही भागलं नाही तर बोलणाऱ्याच्या शर्टाला लावायचा वायरलेस माइक बघा. महागडं नवं मशीन घेण्याआधी तो उसना आणून चालवून पाहावा, असं आमचं स्पष्ट मत. मोठ्या मीटिंगमध्ये तो टेबलाच्या मधोमध ठेवून चालत नाही, हातोहात फिरवावा लागतो. मोबाइलवर बोललेलं लिहून दाखवणारी ॲप्स मराठीतही आहेत, पण मराठी-इंग्रजी मिसळून बोललं की घसरतात. आकड्यांसाठी त्यांच्यावर विसंबू नका.

पावसाळ्यात कानाचं मशीन दुपारीच बंद पडतं. नवी बॅटरी घालूनही कधी चालतं, कधी नाही. (चिपळूण)

बहुतेक वेळा दोष मशीनचा नसून दमटपणाचा असतो. कानामागच्या मशीनच्या नळीत घामाचा किंवा वाफेचा थेंब अडकला की आवाज तुटतो. मोल्ड, म्हणजे कानात बसणारा साचा, नळीसकट मशीनपासून सोडवा आणि रबरी फुग्याने हवा मारा. तोंडाने फुंकू नका, आणखी ओल जाते. हेअर ड्रायर तर अजिबात नको. नळी कडक-पिवळी पडली की बदलायची, साधारण तीन ते सहा महिन्यांत. कानात रिसीव्हर, म्हणजे छोटा स्पीकर, असलेलं मशीन असेल तर आधी मळाची जाळी बदलून बघा.

रात्री मशीन सिलिका जेलच्या डबीत, बॅटरीचं दार उघडं ठेवून. बॅटरी मात्र बाहेर काढून ठेवा, डबीत ती सुकते. या झिंक-एअर बॅटऱ्या हवेवर चालतात. स्टिकर काढला की लगेच घालू नका, एक-दोन मिनिटं हवा लागू द्या. स्टिकर परत चिकटवून बॅटरी वाचत नाही. शिवाय ती हळूहळू मंदावत नाही, एकदम जाते, त्यामुळे टेबलाच्या खणात एक पाकीट हवंच. रंगावरून मागा: पिवळा 10, तपकिरी 312, केशरी 13, निळा 675. नाण्यांबरोबर खिशात टाकू नका, आणि लहान मुलांपासून जपा. गिळली तर थेट दवाखाना गाठायचा.

यंत्रमागावर वीस वर्षं. कानात शीळ वाजते, बायको म्हणते टीव्ही मोठा लावता. कापसाचा बोळा घालतो, तरी? (इचलकरंजी)

कापूस जवळजवळ काहीच अडवत नाही. हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत असेल तर तो गोंगाट कानाला घातक आहे, असं समजा. आपल्याकडचा कारखान्यांचा नियम 8 तासांना 90 डेसिबल असा आहे. पुढे दर 5 डेसिबलला वेळ निम्मा, म्हणजे 95 ला 4 तास, 100 ला 2 तास. कानाचं नुकसान 85 पासूनच सुरू होतं.

फोमचे प्लग घ्या. स्वच्छ हातांनी प्लग वळून बारीक वात करा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर-मागे ओढा, प्लग आत सरकवा आणि फुगेपर्यंत 20-30 सेकंद बोटाने धरा. अर्धवट घातलेला प्लग म्हणजे कापसाचाच भाऊ. बोलायला, चहाला म्हणून मागांच्या आवाजातच तो काढलात तर काय होतं बघा: 30 डेसिबल अडवणारा प्लग 8 तासांत एक तास बाहेर राहिला, तर एकूण बचाव जेमतेम 9 डेसिबलचा उरतो. आणि बंद केलेलं कानाचं मशीन म्हणजे प्लग नव्हे.

ऐकण्याची तपासणी सुटीच्या दिवशी करा. आधीचे किमान 16 तास गोंगाट नको, नाहीतर तात्पुरता बधिरपणाही मोजला जातो. गोंगाटाचं नुकसान तपासणीच्या आलेखात बहुधा 4000 हर्ट्झजवळ, म्हणजे बारीक आवाजांच्या पट्टीत, खळग्यासारखं दिसतं आणि दोन्ही कानांत जवळपास सारखं असतं. एकच कान बराच जास्त गेला असेल तर कारण वेगळं असू शकतं, कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवा. गेलेलं ऐकणं परत येत नाही, उरलेलं राखता येतं. ईएसआयसीचं (कामगार राज्य विमा) कार्ड असेल तर गोंगाटाने आलेला बहिरेपणा व्यावसायिक आजारांत धरला जातो. सगळे जुने रिपोर्ट जपून ठेवा.

एक कान पूर्ण गेला, दुसरा ठणठणीत. दिव्यांग प्रमाणपत्र मिळेल का? (पुणे)

नोकरीतल्या आरक्षणासाठी लागणारं 40 टक्क्यांचं नाही. बहिरेपणाची टक्केवारी काढताना चांगल्या कानाला पाचपट वजन असतं: चांगल्याचे टक्के गुणिले 5, अधिक वाईटाचे, भागिले 6. तुमचं शून्य आणि शंभर, म्हणजे सुमारे 17 टक्के. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याची व्याख्याही दोन्ही कानांत 60 डेसिबल ऐकणं गेल्यापासून सुरू होते.

पण खुर्ची बदलून घ्यायला प्रमाणपत्र कशाला? वीस किंवा जास्त कर्मचारी असलेल्या खासगी कंपनीला दिव्यांगांसाठी सविस्तर समान संधी धोरण करावं लागतं. ते एचआरकडून मागून वाचा आणि चांगला कान लोकांकडे राहील अशी जागा लेखी मागा. आवाज कुठल्या बाजूने आला हे एका कानाने कळत नाही, त्यामुळे फोर्कलिफ्ट फिरणाऱ्या गोदामात नुसत्या हॉर्नवर भिस्त ठेवू नका, आरसे आणि दिवे मागा. बहिऱ्या बाजूचा आवाज चांगल्या कानात पोहोचवणारं क्रॉस नावाचं मशीनही मिळतं. मात्र कान अलीकडेच, एक-दोन दिवसांत अचानक गेला असेल, तर हे सगळं नंतर: आजच कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा. त्यावरच्या स्टेरॉइडचा उपयोग पहिल्या दोन आठवड्यांतच जास्त होतो.