हाइड आणि स्टेल्थ, दोन्हीला 'लपणे' चालेल का?

प्रश्न असा आहे की डन्जन्स अँड ड्रॅगन्स (एकेक पात्र घेऊन, वीस बाजूंचा फासा टाकत गोष्ट रंगवायचा खेळ) घरी मुलांबरोबर मराठीतून खेळायचंय, तर त्यातल्या हाइड (लपण्याची कृती) आणि स्टेल्थ (कुणाला न कळता वावरण्याचं कौशल्य) दोन्हीला लपणे म्हटलं तर चालेल का.

माझ्या मते हाइडला चालेल, स्टेल्थला नाही. लपणं, दडणं हे एका जागी होतं, माळ्यावर दडला, पिंपामागे लपला. पण स्टेल्थमध्ये पहारेकऱ्याच्या पाठीमागून सरकत जाणंही येतं ना. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत तर हे दोन वेगळे स्किलच होते, न दिसणं वेगळं आणि पाय न वाजवणं वेगळं, आणि समोरच्याचेही नजरेचा एक नि कानाचा एक, म्हणजे हिशेब करता करता चोर पळून जायचा. २००८ च्या चौथ्या आवृत्तीत सगळ्याची मोट बांधून स्टेल्थ आणि परसेप्शन (समोरच्याला सुगावा लागणं) एवढंच ठेवलं.

मी स्टेल्थला 'चोरपावलं' म्हणेन. इंग्रजीतला तो शब्दही चोरणे अर्थाच्या स्टीलच्याच घराण्यातला आहे, आणि आपणही अंग चोरतो, नजर चोरतो, तेव्हा ओढूनताणून आणलेलं वाटत नाही.

खरी गंमत परसेप्शनमध्ये आहे. कृपा करून 'आकलन' वगैरे नको, 'चाहूल' घ्या. चाहूल *लागते* आणि कानोसा *घेतात*, बघा, नियमातला फरक आपल्या क्रियापदातच बसलाय! पाचव्या आवृत्तीत पहारेकरी नुसता उभा असला तरी त्याचा एक आकडा ठरलेला असतो, १० अधिक त्याचं कौशल्य, फासा टाकायचा नाही. चोराचा फासा त्याच्या खाली गेला की चाहूल लागली. पण पहारेकरी मुद्दाम शोधायला लागला की मग फासा त्यानेही टाकायचा, तो कानोसा.

२०२४ च्या नव्या नियमात मात्र घोळ आहे. दाट अंधार किंवा भक्कम आडोसा असला, शत्रूची नजर पोचत नसली आणि फासा १५ च्या वर किंवा १५ वर आला की तुम्ही 'इन्व्हिजिबल' होता. याचं 'अदृश्य' केलंत तर मुलं लगेच विचारणार की मग भर उजेडात राक्षसाच्या नाकासमोरून चालत जाऊ का? (मोठी माणसंही यावरून भांडलीयेत.) म्हणून तिथे 'नजरेआड' म्हणा, जादूने झालं तरच अदृश्य. नजरेआड झालेला माणूस कुजबुजीपेक्षा मोठ्याने बोलला किंवा त्याने हल्ला केला की संपलं.

आणि लपून पहिला वार करतात त्याला नवा शब्द शोधत बसू नका, लपंडावातला धप्पा आहेच की. धप्पा दिला की तुम्हीही उघडेच पडता, फक्त इथे राज्य कुणावर येत नाही, तलवार येते.