क्युरेटिंगनंतरचा अशक्तपणा आणि शेजारच्या आँटीची चिनी औषधं

"ताई, मी नीट आराम केला नाही म्हणून आता माझं शरीर कायमचं बिघडलं का?" गर्भपातानंतर माझ्याकडे सेशनला येणाऱ्या बऱ्याच जणी मला हा प्रश्न विचारतात, शब्द थोडे वेगळे असतात एवढंच. आज जिच्याबद्दल लिहितेय ती मूळची साताऱ्याकडची, लग्नानंतर सिंगापूरला, आयटीत नोकरी. तिची परवानगी घेतलीय आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत.

नवव्या आठवड्यात सोनोग्राफीत ठोके दिसले नाहीत, मग पिशवी साफ करायची छोटी सर्जरी, म्हणजे क्युरेटिंग, झाली आणि चारपाच दिवसात ही लॅपटॉप उघडून कामाला बसली, कारण सगळ्यांनी सांगितलं की काही नाही गं, अर्ध्या तासाची प्रोसिजर असते. सासूबाई फोनवर म्हणाल्या कुणाला सांगू नका. तीन आठवडे झाले तरी जिना चढला की धाप लागायची, हातपाय गार, रात्री झोप नाही, आणि मधूनमधून डाग लागणं चालूच.

त्यातच शेजारच्या चिनी आँटींना कळलं. त्या घाबरल्याच, म्हणाल्या तू थंड पाणी प्यायलीस, एसीत बसलीस, लगेच केस धुतलेस, अगं गर्भ पडला तरी छोटी बाळंतीणच असते. चिनी लोकांत याला स्याओ युएझ म्हणतात, बाळंतपणानंतर महिनाभर जसं जपतात तसंच गर्भपातानंतरही, गरम खायचं, वाऱ्यात जायचं नाही, जड कामं नाहीत. नाही केलं तर म्हातारपणापर्यंत सांधे धरतात असं त्या मानतात. आँटी तिला चिनी वैद्याकडे घेऊन गेल्या, त्याने नाडी आणि जीभ बघितली आणि सांगितलं की 'ची', म्हणजे शरीरातली ऊर्जा, आणि रक्त दोन्ही कमी झालंय, आठ वनस्पतींचा बाझन टांग नावाचा काढा घे. ते पाकीट टेबलावर ठेवून ती माझ्याशी व्हिडिओ कॉलवर बोलत होती. घेऊ की नको?

मी डॉक्टर नाही, त्यामुळे घे किंवा नको घेऊ हे मी सांगत नाही. पण डाग अजून चालू आहेत म्हटल्यावर काढा बाजूला ठेव आणि आधी गायनॅककडे जा एवढं मी स्पष्ट सांगितलं. पिशवीत काही राहिलं असेल तर ते आधी कळायला हवं. आणि ताप आला, घाण वास येणारा स्राव झाला, पोटात जोरात कळा आल्या किंवा तासाला दोन पॅड भिजायला लागले, तर अपॉइंटमेंटची वाट न बघता सरळ इमर्जन्सीत जायचं, हे प्रत्येकीनेच लक्षात ठेवावं. तिची सोनोग्राफी नॉर्मल आली, थायरॉइड ठीक, पण हिमोग्लोबिन नऊच्या आसपास. बाईचं साधारण बाराच्या वर असावं लागतं. म्हणजे रक्त कमी झालंय हे वैद्याचं म्हणणं लॅबच्या रिपोर्टशीही जुळलं, ते दोघं रक्त म्हणताना एकच गोष्ट म्हणतात असं मात्र नाही. तिला लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या, आणि गोळीच्या आगेमागे चहा घ्यायचा नाही हेही तिला तेव्हाच कळलं.

मग काढ्याचा विषय. चिनी औषधाने ताकद लवकर भरून येते हे ठामपणे दाखवणारे चांगले अभ्यास फार थोडे आहेत, हे मी लपवत नाही. पण म्हणून ते सगळं फालतू असंही मी म्हणणार नाही. बाझन टांगमधे डांग गुई नावाचं मूळ असतं, ते रक्त पातळ करणाऱ्या औषधांबरोबर घेतलं तर रक्तस्राव वाढू शकतो, आणि वारंवार गर्भपात झालेल्या कित्येकींना अ‍ॅस्पिरिन किंवा हेपरिन चालू असतं, त्यांनी तर आधी गायनॅकला विचारायलाच हवं. अजून एक शेंगहुआ टांग नावाचा काढा असतो, तो पिशवी साफ व्हावी म्हणून देतात, तो कुणीतरी सांगितला म्हणून मनानेच घ्यायचा नाही. ऑनलाइन सुटी पाकिटं तर अजिबात नकोत, १९९० च्या दशकात बेल्जियममधे वजन कमी करायच्या गोळ्यांत चुकीची चिनी वनस्पती गेली आणि कित्येक बायकांच्या किडन्या निकामी झाल्या. सिंगापूरमधे चिनी वैद्यांना सरकारी नोंदणी लागते, तिने ती तपासली, वैद्याला लोहाच्या गोळ्या दाखवल्या, गायनॅकला काढ्याचं पाकीट दाखवलं. डाग पूर्ण थांबल्यावर गायनॅक हो म्हणाल्या आणि मग तिने थोडे दिवस घेतला.

खरं सांगू, माझ्या मते तिला जास्त उपयोग झाला तो आँटींच्या डब्याचा. ही शाकाहारी, म्हणून काळ्या कोंबडीचं सूप बाद, मग आँटींनी लाल खजूर (म्हणजे सुकवलेली चिनी बोरं), लाँगान हे लिचीसारखं फळ आणि आलं उकळून द्यायला सुरुवात केली, कधी काळ्या सोयाबीनचं सूप. तिकडे आईने डिंकाचे लाडू आणि अळीव कुरियर केले. दोन्हीकडच्या बायका एकच सांगत होत्या की गरम खा आणि पडून रहा. सर्जरीनंतर आज काय खाल्लंस असं तिला पहिल्यांदा आँटींनीच विचारलं होतं, हे सांगताना ती इतकी रडली की आमचा अख्खा कॉल त्यातच गेला, आणि ते गरजेचं होतं.

चीनमधे २०१२ च्या नियमाप्रमाणे चार महिन्यांच्या आत गर्भपात झाला तर १५ दिवस आणि त्यानंतर झाला तर ४२ दिवस रजा मिळते. आपल्याकडेही कायद्याने गर्भपातानंतर सहा आठवड्यांची पगारी रजा आहे, आणि पुण्यामुंबईत नोकरी करणाऱ्या कितीतरी जणींना हे माहीतच नसतं, त्या सिक लीव्ह टाकून तिसऱ्या दिवशी लोकलमधे उभ्या असतात. याचा मला मनापासून राग येतो.

पण आँटींच्या एका बोलण्याने नुकसानही केलं. आराम केला नाहीस तर जन्मभर भोगशील, हे तिच्या मनात आधीच्या अपराधी भावनेवर जाऊन बसलं. आधीच ती म्हणत होती की मी पपई खाल्ली, मी बॅग उचलली. पहिल्या तीन महिन्यांतले निम्म्याच्या आसपास गर्भपात गर्भाच्या गुणसूत्रांतल्या दोषामुळे होतात, ते आईच्या हातात नसतं. हे मी तिला एकदा सांगून भागलं नाही, दर वेळी नव्याने सांगावं लागलं, आणि एकदा नवऱ्यालाही समोर बसवून सांगितलं कारण तो सारखा म्हणत होता की आता नॉर्मल हो ना. त्यालाही दुःख होतं, त्याला ते बोलता येत नव्हतं.

पाळी पाचव्या आठवड्यात आली. हिमोग्लोबिन आता अकराच्या वर आहे, जिना चढता येतो. पुढच्या प्रेग्नन्सीचं गायनॅकशी बोलून ठरवतील, आणि दिवस राहिल्याची शंका जरी आली तरी काढे बंद करायचे हे वैद्यानेच सांगितलंय. डिलिव्हरीची जी तारीख मिळाली होती ती अजून यायचीय, तो आठवडा जड जाणार हे तिलाही माहितीय, म्हणून त्या आठवड्यात आम्ही सेशन ठेवलंय आणि नवऱ्याने त्या दिवशीची रजा आत्ताच टाकलीय.