बीएसडब्ल्यूसाठी कॉलेज निवडताना नॅकची श्रेणी पुरेशी आहे का?

तुम्ही विचारलंय: बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात मराठी माध्यमातून बारावी झाली, आता बीएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याची पदवी करायचीय. नॅकची (कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेची) चांगली श्रेणी असलेलं कॉलेज मिळालं की पुढची चिंता नाही ना? आणि बेळगावात राहावं की कोल्हापूरला जावं?

मी निपाणी भागात एका संस्थेत काम करते. आमच्याकडे फील्डवर्कला, म्हणजे क्षेत्रकार्याच्या प्रत्यक्ष सरावाला मुलं येतात, त्यावरून सांगते.

नॅक श्रेणी देते ती अख्ख्या कॉलेजला. समाजकार्याचा विभाग कसा चालतो, हे त्यातून कळत नाही. अमेरिकेत एक परिषद थेट अभ्यासक्रमालाच मान्यता देते आणि पदवीसाठी किमान 400 तास क्षेत्रकार्य सक्तीचं असतं. आपल्याकडे आरोग्यसेवेशी संबंधित व्यावसायिकांच्या 2021 च्या कायद्यात वैद्यकीय आणि मनोविकार क्षेत्रातले समाजकार्यकर्ते आले; पण वकिलांना जशी बार कौन्सिल आहे तसं सगळ्या समाजकार्यासाठी काही नाही. म्हणून चौकशी तुम्हालाच करावी लागणार. विद्यापीठ यूजीसीमान्य आणि कॉलेज त्याला रीतसर संलग्न, एवढं आधी बघा. बेळगावात 2010 पासून राणी चन्नम्मा विद्यापीठ आहे.

मग दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांना गाठा. फील्डवर्कला कुठं पाठवतात? संस्थेत तुमच्याकडे बघणारं कोण असतं? सरांबरोबर आयसी, म्हणजे एकेकट्याची बैठक, खरंच होते का? फील्डवर्कच्या रिपोर्टवर नुसती सही होते की काही लिहून परत येतो? नुसती सही होत असेल तर श्रेणी कितीही चांगली असो, मी तिथं प्रवेश घ्या म्हणणार नाही.

कारण कामाची तयारी त्या रिपोर्टातच होते. ‘लाभार्थी महिलेशी चर्चा करून मार्गदर्शन केले’ अशा वाक्यांनी पानं भरलेली असतात. आमच्याकडच्या एका मुलीनं मात्र असं लिहिलं होतं: बाईंची विधवा पेन्शन अडली आहे. आधारवर एक नाव, रेशन कार्डावर त्याच नावाला ‘बाई’ जोडलेलं. नवरा कोल्हापूरच्या दवाखान्यात वारला, त्यामुळे मृत्यूचा दाखला मराठीत आणि नाडकचेरीतला (कर्नाटकातली स्थानिक महसूल कचेरी) कारकून तो घ्यायला तयार नाही. कोण काय म्हणालं, कुठला कागद कुणाकडे आहे, पुढच्या खेपेला काय करायचं, सगळं त्यात होतं. ती मुलगी उद्या आली नसती तरी दुसऱ्या कुणालाही काम तिथून पुढं नेता आलं असतं. हे तुम्हाला जमलं की निम्मी तयारी झाली.

उरलेली निम्मी म्हणजे कन्नड. आपली मराठी मुलं इथंच मागं राहतात आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. नाडकचेरीतला अर्ज, पंचायतीतल्या पीडीओंचं (पंचायत विकास अधिकाऱ्यांचं) पत्र, पोलीस ठाण्यातली तक्रार, सगळं कन्नडमध्ये. सीमाप्रश्नावर तुमचं मत काहीही असो, समोरच्या बाईचा अर्ज तुमच्यामुळे अडता कामा नये. बोलण्यापुरतं नको, वाचता-लिहिता आलं पाहिजे. निपाणीतल्या विडी कामगार बायका मन मोकळं करतील ते मराठीतच. पण त्यांचं गाऱ्हाणं कचेरीपर्यंत न्यायचं तर कन्नड हवंच.

नोकरीचं म्हणाल तर बीएसडब्ल्यूवर संस्थांच्या प्रकल्पात क्षेत्रकार्यकर्ता म्हणून सुरुवात होते. दवाखाना, समुपदेशन अशा बहुतेक जागांना एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याची पदव्युत्तर पदवी मागतात. मनोविकार समाजकार्यासाठी तर 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात एमएसडब्ल्यूवर आणखी दोन वर्षांचं एम.फिल. सांगितलंय. तेव्हा तीन वर्षांत सगळं संपेल असं धरून चालू नका.

कोल्हापूरला शिकायला हरकत नाही. पण पुढं काम इकडं करायचं असेल तर निदान ब्लॉक प्लेसमेंट, म्हणजे सलग काही आठवडे संस्थेत काम करायचा टप्पा, तरी बेळगाव जिल्ह्यात मागून घ्या. योजना वेगळ्या, कचेऱ्या वेगळ्या, अर्जाचे नमुनेही वेगळे; तिकडचं शिकलेलं इकडं जसंच्या तसं चालत नाही. मुलगी असाल तर शक्ती योजनेमुळे कर्नाटकाच्या साध्या बसला राज्यातल्या राज्यात तिकिटाचे पैसे लागत नाहीत. मुलगा असाल तर फील्डवर्कच्या गावांचा प्रवासखर्च फीसोबतच हिशोबात धरा, कारण विद्यार्थी पास घर ते कॉलेज एवढ्यापुरताच असतो.