खाडा पडल्यावर

प्रश्न : ताई, मी चौतीस वर्षांची आहे. माझ्यात चिकाटी म्हणून नाहीच. जर्मन शिकायला घेतलं, तीन महिन्यांत सोडलं. मग पहाटे पळणं झालं, मग चित्रकला. आता हिशेबनिसाच्या परीक्षेसाठी सलग चाळीस दिवस रोज दोन तास बसले. मधे तापात आठवडा गेला. बरी होऊन महिना झाला, पुस्तक अजून मिटलेलंच आहे. घरचे ‘आरंभशूर’ म्हणतात. चिकाटी मुळातच असावी लागते का?

उत्तर : चाळीस दिवस, रोज दोन तास. म्हणजे ऐंशी तास झाले. चिकाटी नसलेल्या माणसाला हे जमत नाही, बाई! तुमचं घोडं अडलं ते ताप उतरल्यावर.

मी सेहेचाळिसाव्या वर्षी पोहायला शिकले. पाण्याची भीती तीन आठवड्यांत गेली. मग कान दुखला म्हणून चार दिवस खाडा पडला. पाचव्या दिवशी पिशवी भरून तलावाच्या दारापर्यंत गेले आणि परत फिरले. भीती शिकवणाऱ्या बाईंची होती. ‘कुठे होता इतके दिवस?’ म्हणतील, पुन्हा पहिल्यापासून कठड्याला धरून पाय मारायला लावतील. चाराचे सोळा दिवस झाले. सतराव्या दिवशी गेले, तर बाईंनी एवढंच विचारलं, “टोपी आणलीत ना?”

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या सवयींचा बारा आठवडे अभ्यास केला. तो २०१० साली छापून आला. सवय अंगवळणी पडायला कुणाला १८ दिवस, तर कुणाला २५४ लागतील असा त्यांचा हिशेब निघाला. मधला आकडा ६६. (एकवीस दिवसांचा मंत्र कुणी सांगितला तर सोडून द्या.) मला त्यातलं जास्त आवडलं ते वेगळंच : एखादा दिवस चुकल्याने सवय जडण्यात फारसा फरक पडला नाही. तुमचा खाडा आठवड्याचा, हे खरं. पण पुढचा महिना तापाने खाल्लेला नाही, संकोचाने खाल्ला.

मुळातच असावी लागते का, म्हणता. थोडा स्वभाव असतोच. पण नेटाने, जबाबदारीने काम करण्याचा कल बहुतेकांमध्ये वयाबरोबर वाढतो, असं मानसशास्त्रज्ञांना वारंवार दिसलंय. घरच्यांशी मात्र यावर वाद घालत बसू नका, वेळ जातो.

पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञाने ‘जर-तर’ची योजना मांडली : अमुक घडलं तर मी तमुक करीन, हे आधीच नेमकं ठरवून ठेवायचं. लोक सुरुवातीचा दिवस ठरवतात, परतीचा ठरवत नाहीत. तुम्ही तो ठरवा. ‘खाडा पडला, तर परतल्या दिवशी फक्त वीस मिनिटं, आणि तीही आधी सोडवलेल्या गणितावर.’ बुडालेला भाग त्या दिवशी भरून काढायचा नाही. मी तलावात तेच केलं असतं तर बारा दिवस वाचले असते.

जर्मनचं काय? ती तुम्हाला हवी होती, की मैत्रीण शिकत होती म्हणून घेतली? तसं असेल, तर सोडलीत ते बरं केलंत. परीक्षेचं तसं वाटत नाही. नाहीतर महिनाभर मिटलेल्या पुस्तकाबद्दल तुम्ही मला पत्र लिहिलं नसतं.

खूण कुठल्या पानावर आहे? त्याच्या आधीचं पान उघडा.