घड्याळ म्हणतंय ठोके अनियमित, डॉक्टरांना दाखवू का?

प्रश्न: डॉक्टर, नमस्कार. मी इंदिरानगर, नाशिकला राहतो, वय 61. रिटायर झालो तेव्हा मुलाने स्मार्टवॉच दिलं. परवा रात्री त्यात नोटिफिकेशन आलं, हृदयाचे ठोके अनियमित. झोपच उडाली, सकाळी बघतो तर सगळं नॉर्मल. बायको म्हणते काढून ठेवा ते. त्यात विम्याचा एजंट मागे लागलाय की ॲप लिंक करा, पावलं बघून हप्त्यात सवलत मिळते. काय करू?

उत्तर: काका, घड्याळ काढू नका आणि घाबरूनही जाऊ नका. मागे जो हिरवा लाईट लुकलुकतो ना, तो कातडीखालचं रक्त किती येतं-जातं ते बघून ठोके मोजतो, त्यामुळे पट्टा सैल झाला, हात हलला की गडबडतो. पण ही सूचना झटकून टाकू नका. ॲपल वॉच घालणाऱ्या 4 लाखांवर लोकांचा अमेरिकेतला अभ्यास 2019 मध्ये छापून आला, त्यात अशी सूचना फक्त 0.52 टक्के लोकांना आली, आणि त्यातल्या ज्यांनी नंतर ईसीजीचा पॅच लावून परत पाठवला त्यांच्यापैकी 34 टक्क्यांना एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाचे वरचे कप्पे बेताल थरथरणं, निघालं. हा त्रास येतो-जातो, म्हणून उरलेल्यांना नव्हताच असंही म्हणता येत नाही, आणि असला तर रक्ताची गुठळी होऊन लकव्याची भीती असते. तेव्हा साधा ईसीजी काढा, लागलाच तर होल्टर, म्हणजे दिवसभर अंगावर लावून ठोके नोंदवणारं छोटं यंत्र. डॉक्टरांना त्या रात्रीची वेळ, स्क्रीनशॉट आणि तेव्हा काय त्रास होत होता एवढंच दाखवा, तीन महिन्यांचा झोपेचा स्कोअर नको, मी तरी बघत नाही. आणि छातीत दुखलं तर घड्याळाकडे बघत बसू नका, हार्ट अटॅक त्याला ओळखता येत नाही, सरळ हॉस्पिटल गाठा.

आता एजंटचं. ठोक्यांपेक्षा मला तुमच्या फिरण्याच्या रस्त्याची जास्त काळजी वाटते. 2018 च्या जानेवारीत लोकांच्या लक्षात आलं की स्ट्राव्हा या धावण्या-फिरण्याची नोंद ठेवणाऱ्या ॲपच्या नकाशावर लष्करी तळांच्या आतल्या वाटासुद्धा उजळून दिसतायत, आणि त्यात कुणाचं नावही नव्हतं! लष्कराचा देवळाली कॅम्प शेजारी असलेल्या आपल्याला हे वेगळं सांगायला नको. तुम्ही रोज कितीला निघून कृषीनगरच्या ट्रॅकवर जाता म्हणजे घर कधी बंद असतं, हे तुमचं प्रोफाइल सगळ्यांना दिसत असेल तर कुणालाही कळू शकतं, म्हणून लोकेशन बंद करा, प्रोफाइल प्रायव्हेट ठेवा. लिंक करायचंच असेल तर फक्त पावलांची परवानगी द्या. पावलं मोजायला ठोके आणि ईसीजी कशाला हवेत, हे एजंटला विचारा आणि उत्तर ईमेलवर मागवा.